प्रश्नावली क्रमांक एक

८ जानेवारी १९८४, रविवार

काही मोजायला निघालेल्या माणसाने मोजण्याआधी आपलं मत तारीख घालून लिहून ठेवावं, म्हणजे आकडे आल्यावर 'मला हेच वाटत होतं' असं म्हणायची सोय राहत नाही. मानसशास्त्राच्या वर्गात मी मुलींना हे दरवर्षी सांगते. स्वतः एकदाही केलेलं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यासाठी ही वही आणली आहे.

तर माझं मत. देव मानणारी म्हातारी माणसं आणि न मानणारी म्हातारी माणसं यांच्या समाधानात फरक नसावा. तब्येत बरी असेल, घरात माणसं असतील, तर दोघांचंही बरं चालत असावं. फरक निघालाच तर तो न मानणाऱ्यांच्या बाजूने निघावा अशी माझी इच्छा आहे. 'इच्छा' हा शब्द खोडणार होते. खोडत नाही.

दहा प्रश्न केले आहेत. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जास्त गुण म्हणजे जास्त समाधान. मानणारे तीस जण विठ्ठलाच्या देवळातल्या भजनी मंडळात सहज मिळतील. न मानणारे तीस मिळवायला म्हैसूर पालथं घालावं लागणार. सरस्वतीपुरमला नागराज सरांच्या घरी रविवारी जमणारे आम्ही नऊ जण, मग त्यांच्या ओळखीचे, आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे.

सुरुवात घरातूनच केली. अण्णा, म्हणजे माझे वडील, क्रमांक एक. वय शहात्तर, आई जाऊन नऊ वर्षं झाली, धंदा शिंपीकाम, अजून रोज चामराजपुरमहून चालत दुकानात जातात. दुकान अग्रहार पेठेत, देवळाच्या भिंतीला भिंत लावून. एकोणचाळीस वर्षं विठ्ठलाची अंगी तेच शिवतात आणि एकदाही हात जोडत नाहीत. "माझं सगळ्यांत चांगलं गिऱ्हाईक," म्हणतात. "माप घेताना हलत नाही, पोट सुटत नाही आणि दिवाळीला घाई करत नाही." अग्रहारातल्या आमच्या मराठी लोकांनी हे चालवून घेतलं आहे, कारण अण्णांसारखं काज दुसऱ्या कोणाला जमत नाही.

कॉफी झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो. सगळ्यांत वरचा प्रश्न गुणांचा नाही, नुसता रकाना ठरवण्यासाठी आहे: देव आहे असं वाटतं का? अण्णा म्हणाले, "पुरावा काय?" हे त्यांचं ठरलेलं. लहानपणी मी पोट दुखतं म्हटलं तरी हेच विचारायचे.

सातवा प्रश्न: एकटं वाटतं का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, रोज.

"रोज," अण्णा म्हणाले. "पुढचा विचार."

"अण्णा, मी घरात असते की."

"प्रश्न विचारणाऱ्याने मधे बोलू नये. तुझ्याच नियमात लिहिलंय."

चाळीसपैकी एकोणीस. माझी परीक्षा बघत असावेत. मग साडेदहाच्या बसने मी रविवारच्या बैठकीला गेले. गुडघ्यांमुळे बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून अण्णा हल्ली येत नाहीत.

१९ जानेवारी, गुरुवार

देवळात भजन संपल्यावर अठरा प्रश्नावल्या भरून घेतल्या. सभामंडपात सगळे नुकते गाऊन घामेजलेले, हातात कॉफीचे पेले, बायकांच्या केसांत मल्लिगेचे, म्हणजे मोगऱ्याचे, गजरे. शांताक्का म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, माझी आत्या; पण सगळं अग्रहार तिला अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणते. ती बायकांच्या भजनाची पुढारी आहे. तिने माझं काम सोपं केलं की बिघडवलं, कळत नाही.

"झोप लागते का, विचारते ही. अय्यो, भागीरथीबाई, तुमची झोप मला माहितीये, देवासमोर लागते! लिही गं, उत्तम."

"अक्का, त्यांनाच सांगू दे."

"त्यांना ऐकू येत नाही. मी सांगते ते बरोबर असतं."

सगळ्यांना हसू आलं. मलाही आलं. तिथून निघाल्यावर बसस्टॉपपर्यंत ते हसू तोंडावर होतं असं लक्षात आलं आणि उगाच ओशाळल्यासारखं झालं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

गेल्या गुरुवारी दुपारी अण्णा दुकानात पडले. हातात खडू होता. डाव्या मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात, उजवा पाय गेला. जिवाला धोका नाही म्हणतात.

आज दुकान बंद करून यायला गेले. कापायच्या मेजावर सदऱ्याची अर्धी आखलेली पाठ होती. याच मेजावर उभी राहून मी पाढे म्हणायची आणि अण्णा दातांत दोरा धरून म्हणायचे, "वेदा, खाली बस, पडशील." कापड तसंच ठेवून कुलूप लावलं.

४ मार्च, रविवार

अण्णांना घरी आणून दहा दिवस झाले. ऐकलेलं सगळं समजतं. बोलायला जातात तेव्हा दोनच शब्द येतात: "आणि मग." पाणी हवं असेल तरी "आणि मग". वर्तमानपत्र हवं असेल तरी "आणि मग". त्यानंतर तोंड उघडं राहतं, मी वाट बघते, आणि काही येत नाही. डॉक्टर म्हणाले, याला वाचाघात म्हणतात; काहींना परत येतं, काहींना नाही.

सकाळची कॉफी गप्प होते. आधी त्या वेळी अण्णा वर्तमानपत्रातलं एखादं वाक्य वाचायचे, मी त्याची बाजू घ्यायची, ते पुरावा मागायचे आणि मला उशीर व्हायचा. कितीदा वैतागून म्हटलं असेन, "अण्णा, आज नको, पहिला तास आहे." आता पहिल्या तासाला वेळेवर पोचते.

आज बैठक आमच्या घरीच झाली. म्हणजे नागराज सर एकटेच आले. सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, अण्णांचे पस्तीस वर्षांचे दोस्त. ते कन्नडमध्ये बोलतात, मी इथे मराठीत लिहिते. अण्णांचा डावा हात धरून बराच वेळ बसले. जाताना व्हरांड्यात खिशातून एक जुना कागद काढून दाखवला. अण्णांचं अक्षर, १९६२. "आजारपणात किंवा वय झाल्यावर माझ्या तोंडून देवाचं नाव आलं, तर ते आजाराचं समजावं, माझं समजू नये. शुद्धीत असताना माझं जे मत होतं तेच माझं मत." खाली सही, साक्षीदार म्हणून सरांची सही.

"त्यांनी हे माझ्यावर सोपवलंय," सर म्हणाले. "तुला माहीत असावं."

मला माहीत नव्हतं. मी त्या वर्षी बावीस वर्षांची होते आणि याच घरात राहत होते.

२९ मार्च, गुरुवार

परीक्षेची देखरेख होती. साडेसातला घरी आले तर अण्णा नाहीत. शेजारच्या वेंकटेशने सांगितलं, शांताक्का ऑटोत घालून घेऊन गेली. तेवढ्यात ऑटो आलीच.

"रागावू नकोस," ऑटोतूनच तिने सुरुवात केली. "दिवसभर भिंतीकडे बघत बसतो माझा भाऊ. म्हटलं निदान माणसांकडे बघेल. आणि ऐक, वेदा, गायला! दुसऱ्या अभंगाला तोंड उघडलं ते मिटलंच नाही. सगळे शब्द! एकही चुकला नाही! आपले देवळाचे गंगाधरराव रडले."

"अण्णा?" मी विचारलं.

"आणि मग," अण्णा म्हणाले.

मी अक्काला नको ते बोलले. आजारी माणसाला न विचारता उचलून नेणं हा अपराध आहे म्हणाले. ती म्हणाली, "आयतु, बरं, मी त्याला विचारलं. त्याने चपलेकडे बोट दाखवलं. तू विचारलंस का कधी?"

५ एप्रिल, गुरुवार

मीही भजनाला गेले. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले, वही मांडीवर घेऊन, म्हणजे कामाला आले आहे असं दिसावं.

अण्णा पुरुषांच्या पहिल्या रांगेत खुर्चीवर. डावा हात गुडघ्यावर ताल धरत होता. पेटी सुरू झाली आणि अण्णांचा आवाज आला. स्वच्छ, थोडा घोगरा, सगळी जोडाक्षरं जागेवर. भिंतीपलीकडे मशीन चालवत एकोणचाळीस वर्षं त्यांनी हे सगळं ऐकलं आहे. न गाता पाठ झालं आहे.

आठ आठवड्यांनी मी अण्णांच्या तोंडून वाक्यं ऐकली. त्यातलं एकही माझ्याशी नव्हतं. मला देवाचा हेवा वाटला. नसलेल्या माणसाचा हेवा वाटणं हे तपासून बघण्यासारखं आहे. आज नाही.

वहीत काहीच लिहिलं गेलं नाही.

८ एप्रिल, रविवार

नागराज सरांना सांगितल्यावर ते पाच मिनिटं आनंदाने बोलत राहिले. भाषा बहुतेकांच्या डाव्या मेंदूत, सूर उजवीकडे बराचसा. डावा बिघडला तरी पाठ असलेली गाणी शब्दांसकट बाहेर येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनीसुद्धा नोंदवलं आहे. शिव्याही येतात म्हणे. "शिव्या येतात का त्यांना?"

"अण्णा शिव्या देत नाहीत, सर."

"तीच चूक झाली. दिल्या असत्या तर आज देवळाची गरज पडली नसती."

हसलो. मग ते गंभीर झाले. "वेदवती, तिथे ते काय म्हणताहेत माहितीये? विठ्ठलाने वाचा दिली. पन्नास वर्षांचा नास्तिक शरण आला. आणि तो माणूस तोंड उघडून 'नाही' म्हणू शकत नाही. 'नाही' म्हणता न येणाऱ्याचा 'हो' धरायचा, याला काय म्हणतात?"

"मग काय करू? नेणं बंद करू?"

"घरी गाऊ दे की."

"घरी कोणाबरोबर?"

सरांना मेंदू समजतो. मलाही पुरेसा समजतो. समजल्याने गुरुवार कमी हवाहवासा वाटला नाही, एवढी नोंद करते. अण्णांना, असं लिहायचं होतं.

२० एप्रिल, शुक्रवार

साठ पूर्ण. बेरजा तीनदा केल्या.

मानणारे: सरासरी तीस. न मानणारे: एकवीस.

एवढा फरक मी माझ्या कामात कधी पाहिलेला नाही.

६ मे, रविवार

दोन आठवडे चूक शोधत होते आणि सापडली. मानणाऱ्या तीसही जणांना मी देवळात विचारलं, भजनानंतर, चौघांत, कॉफीच्या पेल्यांसकट. न मानणाऱ्यांना त्यांच्या घरी, एकेकट्याला, बंद खोलीत. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने असं केलं असतं तर मी वही परत केली असती. शिवाय देवळात ज्यांचे पाय धड आहेत तेच येतात. अंथरुणावरचे भाविक माझ्या तीसमध्ये नाहीतच.

आता प्रामाणिकपणे. आकडे उलट आले असते, न मानणारे तीस आणि मानणारे एकवीस, तर मी चूक शोधली असती का? आठ जानेवारीचं पान उघडून वाचलं. नसती शोधली.

म्हणून भाविकांना पुन्हा त्यांच्या घरी जाऊन विचारायचं ठरवलं. पहिली शांताक्का. अग्रहारातली तिची खोली, मधे पडदा, एक पलंग, एक खिडकी. मुलगा हुबळीला. देवळात तिचे छत्तीस गुण होते. आज सतरा.

"सातवा प्रश्न," मी म्हटलं.

"कुठला तो?"

"एकटं वाटतं का."

ती लसूण सोलत होती. "रोज. न वाटायला काय झालं?"

"अक्का, देवळात तू 'कधीच नाही' सांगितलंस."

"देवळात विचारलंस तेव्हा तो ऐकत होता ना! त्याच्यासमोर रडगाणं कसं गाऊ? आणि तिथे वाटतही नव्हतं. आता वाटतंय. दोन्ही खरं लिही." मग लसणाची पाकळी माझ्या दिशेने रोखून म्हणाली, "आणि तू कोणाला सांगतेस? विचारत फिरतेस सगळ्यांना."

मी म्हटलं माझा प्रश्न नाही, मी अभ्यासक आहे.

"हां," ती म्हणाली. "सुम्मने विचारलं. उगाच."

३ जून, रविवार

दोन माणसं आज एकापाठोपाठ आली.

सकाळी गंगाधरराव, देवळाचे विश्वस्त. भजनी मंडळाला पन्नास वर्षं होताहेत, आठ जुलैला कार्यक्रम आहे, रंगरावांचा, म्हणजे अण्णांचा, सत्कार करायचा आहे. "अंगीसाठी करतोय हो. एकोणचाळीस अंग्या! नुसती शाल आणि नारळ. भाषण नाही." अण्णांनी डावा हात कपाळाकडे नेऊन खाली आणला. होकार होता की केस सारखे केले, मला कळलं नाही. मी ठीक आहे म्हटलं.

दुपारी नागराज सर. त्यांना सत्काराचं सांगितलं तर उठून उभेच राहिले. "तू हो म्हणालीस?" मग १९६२चा कागद माझ्या हातात दिला. "माझं वय झालं, तिथे जाऊन मी वाचलं तर मारामारी होईल. तू मुलगी आहेस. काही वेडंवाकडं बोलले तर वाच. नाहीतर उद्या ते गेल्यावर हीच गोष्ट राहील, की शेवटी रंगराव वाकला. त्याचं सगळं आयुष्य एका शालीत गुंडाळतील."

अण्णा आत होते. आम्ही दोघं व्हरांड्यात. आता लिहिताना दिसतं की आम्ही कुजबुजत होतो.

सरांनी आणखी एक दिलं, एका परदेशी नियतकालिकातला लेख. वाचाघाताच्या रोग्यांना रोजची वाक्यं चालीत बसवून शिकवतात. डाव्या हाताने ताल धरायचा, आधी गुणगुणायचं, मग शब्द घालायचे. काही जण पुढे थोडं बोलू लागले.

मला एकही चाल येत नाही. शाळेतल्या प्रार्थनेतसुद्धा बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या.

१० जून, रविवार

बैठकीला गेले नाही. शांताक्काकडे चाल शिकायला गेले.

"कशाला?" तिने विचारलं. मी लेख समजावून सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे विठ्ठलाची चाल घ्यायची आणि विठ्ठलाला बाहेर ठेवायचं."

"हो."

"बघ हं. तो आत आला तर मला सांगायला येऊ नकोस." आणि सोप्यातली सोपी निवडली, चार मात्रांची. तासाभरात मला अर्धी आली. ती मधेमधे पदरात तोंड लपवून हसत होती. "अय्यो, वेदा, तुझा सूर हुणसूरच्या बसने येतो की काय? किती उशीर!"

१७ जून, रविवार

अण्णांसमोर बसून त्यांचा डावा हात माझ्या हातात घेतला, टेबलावर ताल धरला आणि गायले, "अण्णा, पा-णी ह-वं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं रागावले. मग खांदे हलायला लागले. हसत होते. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. सातव्या वेळी त्यांच्याकडून आलं: "पा-णी न-को. कॉ-फी."

मी कॉफी केली.

१ जुलै, रविवार

आता सहा वाक्यं येतात. कॉफी, पेपर, खिडकी उघड, झोपतो, गुरुवार किती लांब, आणि एक मी मुद्दाम शिकवलेलं: "पुरावा काय?"

यामागचा हेतू लिहून ठेवला पाहिजे. आठ तारखेला गंगाधरराव वाचा दिल्याचं बोललेच, तर कागद वाचण्यापेक्षा अण्णांनीच त्यांच्या चालीत त्यांना विचारावं. कोणाला काही म्हणता येणार नाही. नागराज सरांना सांगितलं तर ते टाळ्या वाजवून हसले. हा एक हेतू. दुसरा, मला ते शब्द ऐकायचे होते. शिकवताना अकरा वेळा ऐकले. पण ते मी म्हणायला लावलेले होते. पोपटाकडून ऐकल्यासारखं.

आणि एक गोष्ट सुचते आहे ती नको असताना लिहिते. गंगाधरराव त्यांच्या तोंडी एक घालू पाहतात, मी दुसरं.

८ जुलै, रविवार

सभामंडप भरला होता. कोसंबरीच्या फोडणीचा, कापराचा, मल्लिगेचा वास. अण्णा खुर्चीत, नवा शर्ट. मी बायकांत पहिल्या ओळीत, पर्समध्ये कागद.

गंगाधररावांनी शाल घातली, नारळ दिला. तिथेच थांबले असते तर. माईक हातात होता. "आमचे रंगराव! पन्नास वर्षं म्हणत होते, देव नाही. आम्ही वाट बघितली. डॉक्टर म्हणाले, हा माणूस आता बोलणार नाही. मग कोणी बोलवलं त्यांना? विज्ञानाने? ज्याची अंगी शिवली, त्याने त्यांना वाचा दिली!" टाळ्या.

मी अण्णांकडे बघितलं. आता, म्हटलं मनात. टेबलावर धरतो तसा ताल मी मांडीवर धरून दाखवला. अण्णा बघत होते. तोंड उघडलं नाही.

मग मी उभी राहिले. कागद काढला. "मला दोन मिनिटं हवीत," म्हणाले. माझा आवाज थरथरत होता. तिरुमलराव पेटीवाले होते, त्यांचा भाता उघडाच राहिला.

तेवढ्यात समोरून आलं, आमच्या टेबलावरच्या चालीत, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"वे-दा, खा-ली ब-स."

हे मी शिकवलं नव्हतं.

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, प्रेमाने, लहान मुलीला हसावं तसे. शांताक्काने माझ्या पदराला धरून मला खाली ओढलं. तिरुमलरावांनी सूर धरला आणि भजन सुरू झालं. अण्णा गात होते. कोणीतरी माझ्या मांडीवर टाळ ठेवले. मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले, वाजू नयेत म्हणून. संपेपर्यंत गरम झाले होते.

ऑटोत बसल्यावर कागद परत पर्समध्ये ठेवला.

९ जुलै, सोमवार

शक्यता. एक: कागदातलं मत आता त्यांचं राहिलेलं नाही. दोन: मत तेच आहे, पण लोकांसमोर भांडण नको होतं. तीन: मी उभी होते, थरथरत होते, आणि त्यांना फक्त मी पडेन असं वाटलं.

तिन्हींपैकी कशालाही पुरावा नाही. तिसरी शक्यता शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत कमजोर आहे. दिवसभर तीच पुन्हा पुन्हा वाचते आहे.

नागराज सरांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "त्याला विचारलंस?"

म्हटलं, नाही. "मीही नाही," ते म्हणाले.

१५ जुलै, रविवार

अण्णांच्या दुसऱ्या फेरीची, म्हणजे सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायची, आज तारीख होती. पहिली झाली तशीच करायची: तेच टेबल, रविवार, कॉफी झाल्यावर. फरक एवढाच की आज प्रश्न गाऊन विचारायचे होते.

रकान्याचा प्रश्न आधी. मला भीती वाटत होती हे नोंदवते. "दे-व आ-हे का, अ-ण्णा?" माझा सूर नेहमीप्रमाणे उशिरा पोचला.

अण्णांनी डोळे बारीक केले. डावं बोट वर केलं, दुकानात गिऱ्हाइकाला समजावताना करायचे तसं.

"पु-रा-वा का-य?"

या वेळी मी म्हणायला लावलं नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवलं. किती वेळ ते माहीत नाही. अण्णा माझ्या केसांवर ताल धरत होते.

मग डोळे पुसून विचारलं, मग गुरुवार बंद करायचा का? ते घाबरेच झाले. चाल सापडेना. मग सापडली: "जा-य-चं, जा-य-चं." पुढे हाताने दाखवलं: टेबलाभोवती पुष्कळ माणसं, दाटीवाटीने, आणि मधे आपण.

रकाना: न मानणारे. गुरुवारी भजनाला जातात. दोन्ही लिहिलं.

झोप, भूक, दुखणं, सगळं विचारत गेले. काही उत्तरं चालीत आली, काही बोटांनी. सातव्यावर आले. "ए-क-टं वा-ट-तं का?"

खिडकीबाहेर वेंकटेशची स्कूटर दोनदा किक मारून सुरू झाली आणि गेली. मग अण्णांनी माझा हात टेबलावरून उचलला, आपल्या डाव्या हातात नीट धरला आणि त्याच चालीत, शेवटच्या मात्रेवर थांबून विचारलं:

"तु-ला?"

मी म्हणणार होते की प्रश्न विचारणाऱ्याने मधे बोलायचं नसतं. साडेदहाची बस गेली. अण्णा थांबले होते, तोंड थोडं उघडं, जशी मी त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने थांबत होते.

"रो-ज," मी गायले.

सूर चुकला. अण्णांनी मान हलवली आणि तोच शब्द बरोबर म्हणून दाखवला. मी पुन्हा म्हटला. पुन्हा चुकला. त्यांनी ताल धरला. तिसऱ्या वेळी आम्ही दोघांनी मिळून म्हटला, तेव्हा जमला.